गलबतवाल्याची वही

वहीत एकही पान नव्हतं.

साधनाने ती उलटी धरून झटकली, मग अख्खी पत्र्याची पेटी चुलीपुढे उपडी केली. जहाजाचा नांगर कोरलेली पितळी बटणं घरभर गडगडत गेली. काच फुटलेली छोटी दुर्बीण निघाली, दोऱ्याने बांधलेली पिंगट केसांची बट निघाली. पान मात्र नाही. वहीच्या शिवणीत फाडलेल्या कागदांच्या कडा तेवढ्या उरल्या होत्या, त्याही तेलकट, लाल डागांनी बरबटलेल्या. अकरा वाजता शाळेच्या ओसरीवर सुनावणी होती आणि सव्वादहा वाजून गेले होते.

भीमाशंकरच्या जंगलाला लागून, ओढ्याच्या वरच्या अंगाला हे एकटंच घर. खाली भाताची चार खाचरं. जंगलात घुसलेली वस्ती म्हणून ते उठवायचं ठरलं होतं. राहायचं असेल तर पिढ्यान्पिढ्या इथंच होतो याचा पुरावा आणा, असं नोटिशीत होतं. घर डोळ्यांना दिसत होतं, पण ते कागदावर दिसायला हवं होतं. वडील कचेऱ्यांचे उंबरे झिजवून झिजवून गेले. त्यांना एक चिटोरा मिळाला नाही.

लिहिलेली अशी घरात एकच वस्तू होती. मुंबईच्या आरमारातला एक कोवळा गोरा अधिकारी कधीकाळी हवापालटाला डोंगरात आला, याच घरात राहिला आणि त्याच भाद्रपदात तापाने गेला. घरात त्याला गलबतवाला म्हणत. त्याची रोजनिशी पेटीत आहे, हे साधना लहानपणापासून ऐकत होती. पण पेटी उघडायची ती घरच्या सुनेने, लेकीने हात लावायचा नाही. मंचरच्या शाळेत शिकवणाऱ्या साधनाने अर्ज केला तो या न पाहिलेल्या वहीच्या भरवशावर. आज सकाळी आई घरात दिसली नाही, म्हणून तिने रीत मोडून पेटी उघडली.

सखूबाई ओढ्यावरून आली. लुगड्याचा काठ भिजलेला, उजव्या हाताचं बोट लाल.

"पानं कुठं गेली, आई?"

"त्याच्या आईकडं. शेवटचं ऱ्हायलं व्हतं, ते आत्ता सोडून आले. आज तिथी न्हाई का त्याची."

मग तिने सगळं सांगितलं, उंबऱ्यावर पाय पुसत, जणू रोजचंच काही. मरताना पोरगा वही छातीशी धरून आई आई करत होता. ती तिला पोचव म्हणून हात जोडत होता. तेव्हाचा घरधनी धर्माजी, त्याच्या बायकोला, सरूबाईला, टपाल काय ते ठाऊक नव्हतं. पण आई समुद्रापल्याड आहे आणि ओढा शेवटी समुद्रालाच मिळतो, एवढं तिला कळत होतं. वही एकदम सोडली तर ती बाई एकदाच रडेल. दरसाल एक पान गेलं तर तिला वाटेल, लेक अजून लिहितोय. म्हणून पुढल्या सालापासून दरसाल पितरपंधरवड्यात, दशमीला, हळदीच्या पानावर एक पान.

साधनाने रिकामी वही तिच्यापुढे धरली. "अगं, तू आपलं घर सोडून आलीस पाण्यात."

सखूबाईला ते समजलं नसावं. तिने बटणं वेचून पेटीत भरली.

शाळेच्या ओसरीवरचा तपासणी अधिकारी काही वाईट माणूस नव्हता. त्याने दुर्बीण डोळ्याला लावून पाहिली, बटणं तळहातावर घेतली आणि असल्या वस्तू जुन्या बाजारातही मिळतात, असं सांगून परत ठेवली. साधनाने वहीच्या पुठ्ठ्याची आतली बाजू पुढे केली. तिथली पुसट इंग्रजी त्याने वाचली. एडमंड रुडल, आरमार, वय बावीस. ही वही धर्माजीच्या घरी सुरू केली, मार्च १८३८.

"त्या साली तुमचा पूर्वज इथं होता, कबूल," तो म्हणाला. "पुढं? मधल्या सालांत तुम्ही इथंच होता कशावरून?"

घर गेलं, हे साधनाला त्या क्षणी स्पष्ट कळलं. तिला रडू फुटलं, आणि मंचरच्या बाई अधिकाऱ्यापुढे रडतात याची लाज वाटायचंही राहून गेलं.

अधिकारी वही मिटता मिटता थांबला. हे लाल डाग कसले, असं त्याने सहज विचारलं.

"शेंदराची बोटं हायेत ती," सखूबाई म्हणाली. "पान फाडलं की उरल्या कडंला एक बोट. ज्या साली जी सून व्हती, तिचं. मोजा तुमी. एक साल जरी चुकलं असंल तर आमी आपसूक उठतो."

साधनाने तिचा दंड धरला, पण शब्द सुटून गेला होता. दुष्काळाची सालं होती, प्लेगची होती. साधना स्वतः भाद्रपदात जन्मलेली. त्या साली ही बाळंतीण ओढ्यावर कशी गेली असेल?

अधिकाऱ्याने समोरच्या कागदावर चालू सालातून १८३८ वजा केले. एकशे सत्याऐंशी. मग तो नखाने एकेक कड सुटी करत मोजू लागला. आधीची बोटं काळी पडलेली, पुढची तपकिरी, मग लाल. काही जाड, काही पोरसवदा. शंभर झाली. दीडशे झाली. एकशे शहाऐंशीला साधनाने डोळे मिटले.

अधिकाऱ्याने शेवटची कड उलटली आणि आपलं बोट उजेडात धरलं. त्याला लाल लागलं होतं. शेंदूर अजून ओला होता.