पुण्यातलं ग्रहण

डेन्व्हरहून टेक्सासपर्यंत गाडी चालवत मी खग्रास सूर्यग्रहण बघायला निघालो, तेव्हाच कर्वेनगरला फोन करून आईला बजावलं होतं. "ग्रहण लागेल तेव्हा पुण्यात रात्र असेल. जिथे दिसत नाही तिथे पाळायचं नसतं, तुझ्या पंचांगातही तेच असेल. उगाच उपाशी राहू नकोस, शुगर उतरते तुझी."

"बरं, अभिनव," एवढंच म्हणाली.

भर दुपारी अंधार झाला. डोळे भरून पाहिला. संध्याकाळी बर्गर खाता खाता, फोटो दाखवायला घरी फोन लावला. पुण्यात पाडव्याची सकाळ होती. बाबांनी उचलला.

"गुढी राहिलीय अजून. तुझ्या आईला रात्री घेरी आली, सलाईन लावलंय. काल दुपारपासून तोंडात काही घातलं नव्हतं तिने."

घास माझ्या तोंडातच राहिला. "पण बाबा, पुण्यात ग्रहण पाळायचं नव्हतंच."

"तेच सांगितलं मी. तर म्हणते, अहो, मी पुण्यातलं कुठे पाळतेय?

अभिनवच्या डोक्यावरचं पाळतेय."