गुरुवारची भेळ

मालिनी साखळकरने गुरुवारच्या गटासाठी भेळच ठरवली. सवयीने पाच खुर्च्या मांडून प्रत्येकीसमोर एकेक काम ठेवलं. मनोरुग्णांच्या या केंद्रात भेळेचा नियम होता, एकाने एकच काम करायचं. म्हणजे प्रत्येकाला दुसऱ्याची गरज पडते.

आले एकटे कोलतेकाका. कानामागे ती नवी निघालेली इलेक्ट्रॉनिक चकती बसवली की रुग्णाच्या डोक्यातले आवाज कायमचे थांबत. वर्षभरात गटातले बाकीचे चौघे ती बसवून बरे झाले, घरी गेले, नोकरीला लागले. काकांच्या शरीराने मात्र ती दोनदा नाकारली.

"आज चित्रं काढू या का, काका?" मालिनीने विचारलं.

"चित्रं कशाला? भेळेचा दिवस आहे ना."

त्यांनी घरी गेलेल्या शोभाताईंच्या खुर्चीत बसून कांदा चिरला. मग हात धुऊन, उठून, रेहमानभाईंच्या खुर्चीत जाऊन चटणी कालवली आणि त्यांना लागते म्हणून मिरची जास्त घातली. मालिनी मदतीला पुढे झाली, तर म्हणाले, "राहू द्या, नियम मोडतो." पाचही खुर्च्या फिरून त्यांनी पाच बशा भरल्या आणि आपल्या जागी येऊन बसले.

गटाला दर वेळी विचारायचा प्रश्न मालिनीने आज शेवटी विचारला, "आवाज काय म्हणतायत, काका?"

काकांनी चार भरलेल्या बशांकडे पाहिलं.

"तेही हल्ली फार बोलत नाहीत. बाकीचे कधी येणार, एवढंच विचारतात."