अखाजीची घागर

अखाजीला, म्हणजे अक्षय्य तृतीयेला, घरोघरी वारलेल्या माणसाच्या नावाने पाण्याची घागर भरतात. मंजुळाबाईने नवऱ्याची कधी भरली नाही. आरमाराच्या कुठल्याशा विसरलेल्या मोहिमेत जहाजासकट बुडालेला माणूस. "पानीमाच गयात, त्यास्ले पानी कसाले?" म्हणायची.

पन्नास वर्षांनी किनाऱ्यावर स्मारक झालं. लेक दिपमाला तिला धुळ्याहून घेऊन आली, दगडावरचं नाव तिने वाचून दाखवलं. म्हातारी रडली नाही. उभ्या जन्मात पहिल्यांदा समुद्रापाशी गेली, तीर्थासारखं ओंजळभर पाणी तोंडाला लावलं आणि थुंकली.

"हाई ते खारं शे वं!"

लेकीच्या हातातली पाण्याची बाटली हिसकावून तिने त्या नावावर उपडी केली.

"पन्नास वरीस तहानेल ऱ्हायनात वं ते!"