कुंकवाचा ठिपका

“बुधवारी नकोच,” अपेक्षा हळू आवाजात म्हणाली. “बुधवारी आईंचा ठिपका आहे.”

योगेशने स्वयंपाकघराच्या दाराशी टांगलेल्या कॅलेंडरकडे पाहिलं. बुधवारच्या चौकटीत कुंकवाचा ठिपका होता, चांगला हरभऱ्याएवढा. ओवीला नऊ महिने पुरे झाले होते. गोवराची लस द्यायची होती आणि वारज्यात त्यांच्या घराजवळच्या दवाखान्यात ती बुधवारीच मिळायची.

त्याच्या आईला, द्वारकाबाईंना, अक्षर येत नव्हतं, आकडे येत होते. लक्षात ठेवायच्या दिवसावर त्या ठिपका लावत. चतुर्थी, अमावास्या, सासऱ्यांचं श्राद्ध. त्यावरून नवराबायकोने आपल्या मनाने अर्थ काढला होता, की ठिपक्याच्या दिवशी नवं काही करायचं नाही. त्याला कारणही घडलं होतं. मागच्या आषाढात अशाच एका ठिपक्याला दोघांनी वॉशिंग मशीन आणलं. त्या दिवशी ना अमावास्या होती, ना कुणाचं श्राद्ध. तरी द्वारकाबाई तीन दिवस कुणाशी बोलल्या नाहीत. जिची जीभ पिठाच्या गिरणीसारखी चालते ती बाई तीन दिवस गप्प! विचारायची छाती कुणाची? शिकलेल्या माणसाला विचारायची लाज वाटते, मग तो बसल्या जागी तर्क लढवतो.

“मग पुढच्या बुधवारी नेऊ,” योगेश म्हणाला.

“पुढच्या बुधवारी तुझी बंगलोरची मीटिंग. त्याच्या पुढच्या बुधवारी आपण वाशिमला लग्नात. ताप आला तर एवढ्या गर्दीत कुठे घेऊन बसू तिला?”

“मग लग्न झाल्यावर. पंधरा-वीस दिवसांनी काय होतंय?”

अपेक्षाने मोबाइलवर ओवीच्या लसींचा तक्ता केला होता, रंगीबेरंगी. आधीच्या सगळ्या लसी माहेरी वेळेवर झाल्या होत्या, त्या हिरव्या. ही एकच चौकट पांढरी राहिली होती. तिने ती तीन आठवडे पुढे ढकलली, पण बोट काही तिथून हलेना. मागच्या इमारतीत एका मुलाला गोवर निघाला होता. उशीर करू नका, असं डॉक्टरांनी बजावलं होतं.

“तू एकदा विचार ना आईंना.”

“मी? तू विचार. तुझं ऐकते ती.”

“माझं? आई कुणाची आहे?”

“सासू कुणाची आहे?”

शेवटी कुणीच विचारलं नाही.

बुधवारी सकाळी सात वाजता अपेक्षा चहा ठेवायला उठली, तर द्वारकाबाई बाहेरच्या खुर्चीत तयार बसलेल्या. ठेवणीतलं हिरवं लुगडं. मांडीवर ओवी, बिनबाह्यांचं झबलं घातलेली. हातात प्लास्टिकच्या पिशवीत ओवीचं लसीचं कार्ड.

“योग्याले उठव. रिक्षा बोलाव म्हण. उशिरा गेलं की रांगेत लेकरू कावते.”

“आई, आज तर… ठिपका आहे ना?”

“मग? मीच लावला. कार्डावर तारीख लिहून आहे, ती पाहून लावला. तुम्ही एवढे शिकले, तुम्हाले कार्ड वाचता येत नाही?”

मीटिंगला अजून आठवडा होता, लग्नाला दोन. अपेक्षाने आत जाऊन योगेशचं पांघरूण ओढलं.

दवाखान्यात ओवीचा नंबर आला. सुई पाहून योगेशने तोंड फिरवलं. ओवीने असा टाहो फोडला, की रांगेतली बाकीची पोरंही रडायला लागली. सिस्टर म्हणाल्या, “आजी, तुम्ही बाहेर बसा. आज्यांना बघवत नाही.”

“मले बघवते,” द्वारकाबाई म्हणाल्या. “रडू द्या तिले. रडणारं लेकरू घरी येते.”

लस दिल्यावर अर्धा तास थांबायचं होतं. तिघं बाहेरच्या बाकावर बसली. ओवी आजीच्या खांद्यावर हुंदके देत देत झोपली. द्वारकाबाई तिच्या पाठीवरून हात फिरवत राहिल्या, आणि समोरच्या भिंतीकडे बघत बोलायला लागल्या. कुणी विचारलं नसताना.

“योग्या, तुह्याआधी एक पोरगी होती मले. मंदा.”

योगेश वळला. तेहतीस वर्षं तो या घरातला थोरला होता.

“गावात नर्सबाई महिन्यातून एकदा यायची, गोवराची सुई घेऊन. त्या दिवशी नेमकी अमावास्या पडली. तुहा बाप लेकरू कडेवर घेऊन निघालाही होता. मी दारात आडवी झाली. म्हटलं, आज नाही, पुढल्या खेपेला नेऊ.”

द्वारकाबाईंनी ओवीचं झबलं सारखं केलं.

“पुढल्या खेपेला नर्सबाई दारात आली. म्हणे, कुठं आहे लेकरू?”

आयुष्यभर कुणापुढे मान न वाकवलेल्या त्या बाईने मान खाली घातली, ती ओवीच्या जावळावर टेकेपर्यंत. अपेक्षाने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला. द्वारकाबाईंनी तो झटकला नाही. मग त्या म्हणाल्या,

“एवढ्याशा लेकराचं श्राद्ध नसते, सूनबाई. म्हणून नुसता ठिपका लावते. तुमची मशीन आली, तो तिचा दिवस होता.”