वरचा खिळा

दुसऱ्यांनी केलेले वायरींचे भिकार सांधे कापून सासरे गॅरेजच्या भिंतीवर खिळ्यांना टांगायचे. वायरिंग शिकणाऱ्या सुनेचं तेच पाठ्यपुस्तक. आज एका गाडीला लावलेला स्कॅनर चाकाच्या सेन्सरवर ठपका ठेवत होता. तिने सेन्सर बदलला, तरी डॅशबोर्डवरचा दिवा विझेना. मग मीटर लावून तिने अख्खी वायर तपासली. जुन्या टेपखाली गंजलेला सांधा निघाला. टेपचं टोक दुमडलेलं होतं, पुढच्याला सोडवता यावं म्हणून. ही सवय सासऱ्यांची; तिलाही ती त्यांनीच लावली होती. "कुठल्या महाभागाचं काम?" त्यांनी शेजारच्या गाडीखालून विचारलं. "कळत नाही, बाबा." सांधा कापून तिने मुठीत दडवला. बाहेर येऊन त्यांनी तळवा पुढे केला. तिने मूठ उघडली. त्यांनी दुमडलेलं टोक अंगठ्याने चाचपलं. "वायरिंग जमलं तुला, सूनबाई. थापा नाही जमत." स्टुलावर चढून त्यांनी सांधा सगळ्यांत वरच्या खिळ्याला टांगला.