शर्यतीच्या बैलाचा खुराक

साधनाचं वर्षभराचं पोर बाळसं धरत नव्हतं. डाळीचं पाणी, हुलग्याचं माडगं, कुस्करलेलं पनीर, सगळं थुंकून टाकायचं आणि तिचा जीव थाऱ्यावर राहायचा नाही. शेवटी डॉक्टरांनी अंडं सुचवलं.

"माळकऱ्याच्या घरात ते नाव बी काढू नको," सासरे दादाभाऊंनी बजावलं आणि शर्यतीच्या बैलासाठी कणकेत दहा अंडी फोडली. साधना बघत राहिली तसे म्हणाले, "बैलाच्या गळ्यात कुठं माळ हाये?"

माळ पोराच्या गळ्यातही नव्हती. दुसऱ्या दिवशी तिनं एक अंडं पदराआड केलं. दादाभाऊंनी उरलेली नऊ मोजली, सुनेकडं एकदा बघितलं आणि तेवढीच फोडायला घेतली.



तिसऱ्या दिवशी त्यांनी बैलासाठी अकरा अंडी आणली.