सुकरामने पाहिलेली टाच

सुकरामने रिंकूचा डावा पाय मागे वाकवून उचलला, टाच अंगठ्याने दाबली, बोटाने ठोकून पाहिली आणि पाय खाली ठेवला.

"नाही होत," तो म्हणाला.

झालं. अर्धं गाव उठून घरी निघालं. चहावाल्या केशोरावने स्टोव्ह विझवला. सुकराम नाही म्हणाला म्हणजे नाहीच, मग उन्हात बसून पाहायचं काय? आमगावपासून नागऱ्यापर्यंत जिथे जिथे शंकरपट भरायचा, तिथे बैलांच्या शर्यतीआधी लोक सुकरामला गाठायचे. तो बैलाचा खूर पाहायचा आणि जोडी किती वेळात पट पार करील ते सांगायचा. एकदाही चुकला नव्हता. पुढे पुढे लोकांनी ताळतंत्रच सोडलं. दहावीचा निकाल लागायच्या आधी पोरांना त्याच्यापुढे उभं करू लागले. एका नवरदेवाची टाच पाहून तो 'टिकत नाही' म्हणाला, तर वरात मांडवातूनच परत गेली.

रत्नपाल सरांनी कपाळाला हात लावला. ते शाळेत खेळ शिकवत आणि रिंकू त्यांचा अकरावीतला विद्यार्थी. त्याने एक मैल चार मिनिटांच्या आत धावून दाखवायचा, एवढंच काम होतं. त्यासाठी पुण्याच्या अकादमीचे दोन साहेब जीप घेऊन आले होते. जमलं तर संध्याकाळीच ते रिंकूला घेऊन जाणार, राहणं, खाणं, शिकणं सगळं त्यांच्याकडे. सरांनी कितीदा घड्याळ लावून पाहिलं होतं आणि होईल असं त्यांना वाटत होतं. पण गावात घड्याळाला विचारतो कोण? एका साहेबाने हळूच चौकशी केली, हे आजोबा डॉक्टर आहेत का. डॉक्टरच्याही वर आहेत, असं त्याला सांगण्यात आलं.

सुकराम रिंकूचा सख्खा आजा. मायबाप हैदराबादला कामावर, घरात हे दोघंच. आजा भात रांधायचा, नातू भांडी घासायचा. गोठ्यात एक खुंटा रिकामा होता. त्याला पूर्वी लाखा नावाचा बैल बांधायचे. लाखा आमगावच्या पटात पहिला आला आणि दुसऱ्याच दिवशी व्यापारी त्याला घेऊन गेले. त्यानंतर त्या खुंट्याला सुकरामने दुसरा बैल बांधू दिला नाही. रिंकू त्यावर आपले बूट वाळत घालायचा.

तरी साहेब आलेच आहेत तर धावू द्या, असं ठरलं. नहराच्या पाणी सोडायच्या दरवाज्यापासून पटाच्या चुन्याच्या रेघेपर्यंत तलाठ्याने साखळीने मैल मोजून दिला होता. घरी निघालेली माणसं वाटेतूनच फिरली. कोणी रिंकूला गूळ चारला, कोणी पाठीवर झूल टाकली. सरांनी ती काढून फेकली. बेगड चिकटवायला शिंगं नाहीत म्हणून एकजण खरोखरच हळहळला.

तिकडे नहरावर एका साहेबाने झेंडी पाडली, इकडे फोनवर ऐकून सरांनी घड्याळ सुरू केलं. धूळ दिसली. मग धुळीतून रिंकू दिसला. गडी असा सुटला होता की केशोरावच्या हातातली किटली तिरपी झाली आणि चहा त्याच्याच पायावर सांडला. सर एकदा घड्याळ पाहत, एकदा पोराला. आजवर तो असा कधी धावलाच नव्हता. रेघ जवळ आली, वेळ हातात होता, सरांचे डोळे भरून आले.

आणि रेघेच्या एक पाऊल अलीकडे रिंकू थांबला.

तो गुडघ्यांवर हात ठेवून धापा टाकत होता. सर ओरडले की आठ सेकंद आहेत, पाऊल टाक. त्याने सरांकडे पाहिलंही नाही. तो पाहत होता रेघेपलीकडे बाजेवर बसलेल्या आज्याकडे.

"आबाजी, तुमी तं नाही म्हणलं," तो म्हणाला. "मंग मी कसा जाऊ?"

सुकराम उठला. आज्याचा शब्द खोटा पडू नये म्हणून पोरगा हातातलं सोडून उभा होता. सर सेकंद मोजत होते.

"खोटं बोललो बे," सुकराम म्हणाला. "होते. पटात पहिला येते तो बैल घरी राहत नाही, म्हणून बोललो. जाय."

रिंकूने पाऊल टाकलं. सरांनी घड्याळ दाबलं आणि पाहिलं. जमलं होतं, केसाच्या अंतराने.

संध्याकाळी जीप निघाली तेव्हा गावाला मोठाच पेच पडला होता. सुकराम खोटं बोलू शकतो, मग आजवरच्या भाकितांचं काय? त्या नवरदेवाचा बाप तर सकाळी येतोच म्हणून सांगून गेला. सुकरामचं कशाकडेच लक्ष नव्हतं. तो जीपला धरून उभा होता.

रिंकूने बूट काढला आणि पाय दारातून बाहेर काढून आज्यापुढे धरला.

"पाहा आबाजी. वापस येतो का मी?"

सुकरामने टाच दोन्ही हातांत घेतली. दाबली नाही, ठोकली नाही, नुसती धरून ठेवली. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला तेव्हा कुठे सोडली.

"येते," तो म्हणाला.

गावात कोणालाच ते खरं वाटलं नाही. रिंकूला वाटलं.